मागून घेतलेलं सुतक

चैत्र सरत आला की माझं डोकं फिरतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गच्चीच्या दारावर पाटी आहे, ‘येथे वाळवण घालू नये’. दरवर्षी मी जुनी धुवट साडी खांद्यावर टाकून त्या पाटीखालून वर जाते आणि पापड घालते. सेक्रेटरी येतात, घाम पुसतात, म्हणतात, “मॅडम, रूल आहे.” मी म्हणते, “असू दे की. रूल तुम्ही पाळा, पापड मी घालते.” पापड काही फार भारी होत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात याहून बरे मिळतात. नवरा म्हणतो, हिला पापडांपेक्षा भांडणच जास्त आवडतं. त्याचं अगदीच खोटं नाही.

पण ऊन तापून उडदाच्या पिठाला पापडखाराचा तो उग्र वास सुटला की मी मुलुंडला राहतच नाही. दोन स्टेशनं मागे, भांडुपच्या डोंगराकडच्या चाळीत जाऊन बसते. साल शहाऐंशी. बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली. गॅलरीत सगळीकडे खाटा, खाटांवर चादरी, चादरींवर कुरडया. खाली रिक्षावाल्यांचा कुणाशी तरी वाद चाललेला. आणि आमच्या खोलीत इंदूमावशी नसलेली.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. ती आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची, एवढंच. बाबा गिरणीत होते. ब्याऐंशीत संप झाला आणि चाळीतली निम्मी माणसं हळूहळू गावाकडे निघाली. आईबाबाही धाकट्या भावाला, दादूला, घेऊन देवगडकडे जायला निघाले. मी आठवीत. माझी शाळा बुडेल, हिला कुणाकडे ठेवायची, यावर खोलीत खल चालला होता. तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून मावशी म्हणाली, “चेडवाक माझ्याकडे ठेवा. माका पण बोलूक कोणतरी व्हया.” आईने माझी वळकटी उचलून शेजारी नेऊन ठेवली. संप महिन्याभरात मिटेल असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मी त्या खोलीत दहावी झाले, बारावी झाले, संप मिटल्याचं काही कुणी सांगायला आलं नाही.

मावशीच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षातच दुसरी आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं. माहेरी भावजयीच्या हाताखाली राहण्यापेक्षा ती मुंबईला आली, आणि औषधाच्या गोळ्या पाकिटात भरण्याच्या कंपनीत लागली. तिच्या हातांना कायम डॉक्टरच्या दवाखान्यासारखा वास यायचा. कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. चाळीतल्या बायका आडून म्हणायच्या, नवऱ्याने टाकलेली, मग कुंकू कुणाच्या नावाचं? एकदा हे तिच्या कानावर गेलं. तिने गॅलरीतच उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला सांगितलं, “शैला, कोण इचारीत तर सांग. कपाळ माझा, पैसो माझो, कुकू माझ्याच नावाचा.” त्या दिवसापासून तो विषय बंद झाला.

मी ‘बाजूला बसायची’ झाले तेव्हा मी रडत कोपऱ्यात गोणपाट अंथरून बसले होते, आईने आधी सांगून ठेवलं होतं तशी. मावशी कामावरून आली, बघितलं, गोणपाट उचलून बाहेर फेकलं. “ऊठ. चाय टाक. तुझ्या हातची चाय पिऊन माझे देव मरूचे नाय.” मी चहा टाकला. देव खरंच जिथल्या तिथे राहिले. मला वाटतं, मी मोठी झाले ती त्या चहाने.

बाकी तिला जमायचं नाही असं पुष्कळ होतं. पापड ती पोळीएवढे जाड लाटायची. चाळीत पापडांची पाळी असे, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. मावशीला पाहिलं की परबकाकू ओरडायच्या, “इंदू, तू नुसती गप्पा मार बाई, लाटणं ठेव खाली!” परबकाकू म्हणजे आमच्या गॅलरीतलं पंचांग. कुणाला कधी विटाळ, कुणाचं सोयर कधी संपतं, हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. मावशी त्यांची टर उडवायची, आणि दर दिवाळीला पहिला फराळ त्यांच्याकडेच द्यायची. त्या दोघींचं काय होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

परीक्षेच्या दिवसांत ती मला अभ्यास कर म्हणून कधी म्हणाली नाही. पेपरला निघताना दोन अंड्यांची पोळी पुढे ठेवायची. शेजारच्या बायका बघायच्या, चैत्रात, देवाच्या दिवसांत अंडी. “खा गो. उपाशी पोटान गणिता सुटतत होय?” पेपर संपला की आम्ही दुपारच्या खेळाला पिक्चरला जायचो. ती पडद्यावरच्या हिरोईनला मोठ्याने सल्ले द्यायची. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे आणि मी लाजेने खुर्चीत खाली सरकायचे. आज कुणी मला विचारलं, तुझं बालपण कुठलं, तर मी देवगड सांगत नाही. मी सांगते, बाल्कनीतल्या शेवटच्या दोन खुर्च्या.

माझा शेवटचा पेपर होऊन आठवडाही झाला नसेल, मावशीचे डोळे पिवळे दिसायला लागले. आधी गावठी औषध झालं, कुणी मुळी दिली ती दंडाला बांधून झाली. मग इस्पितळ. शेवटच्या दुपारी ती म्हणाली, “अंबाडो सुटलो गो माझो. बांध.” मी तिला जरा उठवून टेकवलं आणि अंबाडा बांधला. केस तेच होते, दाट, खोबरेल तेलाचे, त्यांना आजार माहीतच नव्हता. संध्याकाळी ती गेली. मला राग आला. दुःख नंतर आलं, आधी रागच आला. तिच्यावर, डॉक्टरवर, मुळी देणाऱ्यावर, आणि त्या खिडकीबाहेर आरामात कुल्फी विकणाऱ्या भय्यावरसुद्धा.

तिचा भाऊ, बाबीमामा, सांताक्रूझहून आला. त्याने अग्नी दिला. सासरी निरोप पाठवला होता. तिकडून उत्तर आलं, आमचा तिच्याशी संबंध नाही, तुमचं तुम्ही बघा.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. माणूस गेलं की घरच्यांना दहा दिवसांचं सुतक. देवाला हात लावायचा नाही, फोडणी-तळण करायचं नाही, लोणचं-पापड करायचे तर नाहीच. शेजारी जेवण आणून देतात. पण लग्न झालेली बाई ही सासरची. तिचे दहा दिवस सासरच्यांनी पाळायचे. माहेरच्या भावाला फक्त तीन. आता मावशीच्या सासरच्यांनी तर हात झटकले होते. बाबीमामाने तीन दिवस इथे आमच्या खोलीत चटईवर काढले, रीतसर काढले, रडलासुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी त्याने डोक्यावरून आंघोळ केली, किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला, “रविवारी सामान न्यायला येतो,” आणि तो घरी गेला. त्याचं काही चुकलं नाही. दुपारी त्याच्या घरी बांगडे तळले असतील तर तेही रीतीप्रमाणेच.

मी दारात किल्ली घेऊन उभी होते, आणि मला तो हिशोब उलगडत गेला. चौथा दिवस उजाडला होता आणि अख्ख्या जगात इंदूमावशीचं सुतक असलेलं एकही माणूस उरलं नव्हतं. कुणाच्याही घरातली फोडणी तिच्यासाठी थांबलेली नव्हती. एवढी मोठी बाई, एवढ्या मोठ्या कुंकवाची, आणि तिच्यासाठी कुणी दहा दिवस गप्पसुद्धा बसणार नव्हतं.

गॅलरीत परबकाकूंची पापडांची पाळी होती. पीठ कुटून झालं होतं, तेलाचा हात लावून परातीत लाट्या मांडल्या होत्या. सहा-सात जणी लाटायला बसल्या होत्या. काकूंनी मला हाक मारली, प्रेमानेच मारली, “शैला, ये गं. चार पापड लाट. मन रमेल तुझं.”

“मला सुतक आहे,” मी म्हणाले.

“कसलं सुतक? फिटलं ना आज. बाबी आंघोळ करून गेला की.”

“ते मामांचं. माझं दहा दिवसांचं आहे.”

लाटणी थांबली. कुणीतरी हसलं. काकू म्हणाल्या, “तुझं? तू कोण तिची? ना नात्याची, ना गोत्याची. सुतक काय रेशनचं रॉकेल आहे, रांगेत उभं राहिलं की मिळतं?”

“काकू, तिचं पाळायला कोणी नाहीये.”

“नसेल, तिचं नशीब. म्हणून असं मागून घेता येत नाही. जिवंत आईबापाची पोर तू, तोंडाने असलं बोलू नये. तुला काही सुतकबितक नाही. चल, बस.”

आता हे सांगताना सुद्धा माझे कान गरम होतात. मी खरंच पुढे गेले. परातीसमोर बसले. हात पुढे केला आणि म्हणाले, “बरं. नाही ना मला सुतक? मग लावते हात. वर्षभराचे पापड आहेत तुमचे. नक्की नाही ना? लावू?”

आणि परबकाकूंनी परात मागे ओढली.

विचार करून नाही ओढली. तव्यावरून हात निघतो तशी ती ओढली गेली. मग त्यांनी स्वतःच आपल्या हातांकडे पाहिलं. सुतक्याचा हात लागला की तळताना पापड लाल होतात, असं त्याच मला कितीदा सांगत आल्या होत्या. गॅलरीतल्या सगळ्या बायकांनी पाहिलं होतं, आता काही बोलायला जागा नव्हती. मी उठले, आमच्या खोलीत गेले आणि दार उघडंच ठेवून भिंतीला टेकून बसले. आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

दुपार टळल्यावर दारात भांडं वाजलं. परबकाकू. झाकण ठेवलेलं पातेलं उंबऱ्याच्या आत सरकवलं, आत पाऊल टाकलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वरण-भात आहे. फोडणी दिलेली नाही.” आणि वळल्या. मग परत येऊन म्हणाल्या, “अगरबत्ती लावू नकोस. देवाला हात लावू नकोस. केसांना तेल नको. करायचंय तर नीट कर. अर्धवट चालायचं नाही.”

ते वरण मी रडत जेवले. मिठाचंही प्रमाण कमी होतं. पुढे रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून असंच आळणी जेवण येत राहिलं, माझ्या नकळत त्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या.

मला कधीकधी माझी मुलगी विचारते, तू तर असल्या गोष्टी मानत नाहीस, मग तेव्हा का? खरं आहे. सोवळंओवळं मी मानत नाही, मावशीच्या हाताखाली वाढलेली मानणारच कशी? मावशीला कळलं असतं तर ती पहिली ओरडली असती, “येडा झालंस काय गो तू? ऊठ, मच्छी आण.” पण मला चाळीने विचारलं होतं, तू कोण तिची. हा प्रश्न त्यांनी त्यांच्या चोपडीतून विचारला होता, तर मला उत्तरही त्याच चोपडीतून द्यायचं होतं. प्रेम होतं, माया होती, हे सगळे मान्यच करत होते. “फार जीव होता गं तुझा तिच्यावर,” असं म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मला तो हात नको होता. पाठीवरून हात परक्या पोरीच्याही फिरवतात. सुतकातल्या माणसाला शिवत नाहीत, तसं त्यांनी मला शिवू नये, एवढंच मला हवं होतं.

मधल्या दिवसांत गॅलरी पापडांनी भरून गेली. दारातून मला सगळं दिसायचं. कडक ऊन, चादरीवर गोल गोल पिवळट पापड, कावळे हाकलायला बसवलेली कुणाची तरी म्हातारी. सावली सरकली की खाटा सरकवायचे आवाज. एरवी मीही त्यात असते, कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या असत्या. तेवढं एकच अवघड गेलं, हे खरं सांगायला हवं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला दुःखातही भूक लागते.

सातव्या दिवशी आई आली. कुणीतरी गावी कळवलं होतं, शैलाने काय आरंभलंय ते. एसटीने रात्रभर धक्के खात आलेली, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी वाळवलेल्या कैऱ्यांची आंबोशी. दारातच उभी राहिली.

“कोणाच्या नावान बसलंस गो? मी मेलंय काय?”

“आई, असं नको बोलू.”

“मगे काय बोलू? आवस जिती आसताना पोर सुतकात. गावात लोक काय म्हणतले?”

मी म्हणाले, “तू गेलीस ना, तर तुझ्यामागे बाबा आहेत, दादू आहे, अख्खी भावकी आहे. हिच्यामागे कोण आहे सांग. एक नाव सांग, मी आत्ता उठते.”

आई उभीच राहिली. नाव शोधत होती बहुतेक. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि गॅलरीत, उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून बसली. आम्ही दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिथूनच तिने विचारलं, “त्रास झालो तिका जाताना?” मी सगळं सांगितलं. अंबाड्याचंही सांगितलं. आई बाहेर रडत होती, मी आत. ती परबकाकूंकडे राहिली, पण दिवसभर त्या भिंतीशी असायची.

रविवारी बाबीमामा टेम्पो घेऊन आला. खोली त्याची होणार होती, सामानही त्याचं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण मी भिंतीशी बसलेली, केस विस्कटलेले, पाहून तो गोंधळला. “शैला, ऊठ गं. असं काय बसलीस? कपाट हलवायचंय.” तो मला हाताला धरून उठवायला वाकला.

मागून परबकाकूंचा आवाज आला. “बाबी! हात लावू नकोस. सुतकात आहे ती.”

“सुतकात? अहो, माझं सख्ख्या भावाचं फिटलं, हिला कुठलं?”

“तुझं तीनाचं होतं, फिटलं. तिचं दहाचं आहे. उद्या ये.”

“पण काकी, ही लागते कोण इंदूची?”

काकूंनी कमरेला पदर खोचला. “ते तू मला विचारू नको. दहा दिवसांची आहे, यावरून काय ते समज. आणि टेम्पो खाली उभा करू नको, वाट अडते.”

मामाने डोक्यावरची टोपी काढली, का कोण जाणे, आणि “बरं, उद्या येतो,” म्हणून गेला. त्या माणसाबद्दल मला पुढे कधीच राग वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोरीत आली. मी पाटावर बसले होते. दहा दिवसांचे केस, घाम, उन्हाळा. तिने तांब्याने माझ्या डोक्यावर पाणी घातलं. मला तिने अशी आंघोळ घातली होती त्याला किती वर्षं झाली होती ते आम्हा दोघींनाही आठवलं नसतं. शिकेकाईने केस चोळता चोळता ती थांबली. माझ्या पाठीमागे होती, चेहरा दिसत नव्हता.

“शैला.”

“काय?”

“लगीन झाला की तू पण सासरची होतलंस. मगे तुका माझा तीनच दिसांचा.” पाण्याचा तांब्या तिने तसाच धरून ठेवला होता. “माझा पण धा पाळशीत?”

मी मान हलवली. ती बघत होती की नाही माहीत नाही, म्हणून मोठ्याने “हो” म्हणाले. मग तिने उरलेलं पाणी घातलं.

तीन वर्षांपूर्वी आई गावच्या घरी वारली, तीही चैत्रातच. मागीलदारी आंबे उतरवून ठेवलेले होते. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीने माझ्यासाठी पाणी तापवलं, स्वच्छ साडी काढून ठेवली. भटजी ओसरीवर बसले होते, ते म्हणाले, “ताई, तुमचं फिटलं. आज तुम्ही नेहमीचं जेवायला हरकत नाही.” माझ्या सासरहून फोन आला, त्यांचंही तेच म्हणणं. मी घोंगडीवरून उठले नाही.

“माझं दहाचं आहे,” मी म्हणाले.

भटजी शांत माणूस. त्यांनी समजावलं, शास्त्रात असं नाही, लेकीला दहाचं येत नाही, तुम्हाला हे कुणी सांगितलं?

“जिचं आहे तिनेच,” मी म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसून राहिले.